बारा बंदुका, एक रिकामी

बर्फात रोवलेला खांब. बटाट्याच्या सॅलडचं पातेलं. एका पोराच्या छातीवर टाचलेलं पांढरं फडकं. शवपेटीवर पसरलेला झेंडा.

खांब फ्रान्समधला, पंचेचाळीस सालचा. लढाईतून पळालेल्या आपल्याच एका सैनिकाला अमेरिकी फौजेने त्याला बांधलं होतं. बारा जणांनी बार काढला. फडक्याच्या चिंध्या झाल्या, तोंडातून रक्ताचे बुडबुडे आले, तरी पोराचा जीव जाता जाईना.

"बारातल्या एका बंदुकीत नुसती दारू आहे, गोळी नाही," साहेबांनी आधीच सांगितलं होतं. "ती आपलीच समजा आणि झोपा."

त्या बारांतला ऑर्विल चाळीस वर्षं तसंच समजून झोपला.

आज अमेरिकेत, आयोवात हार्लनची, त्याच्या जुन्या फौजी दोस्ताची माती होती. बंदुकांच्या सलामीच्या रांगेत एक माणूस कमी पडला.

"ये रे म्हाताऱ्या, चावत नाही बंदूक," रांगेतला लेरॉय म्हणाला. "सलामीची काडतुसं आहेत. नुसती दारू."

त्या खांबासमोरचं सोडलं, तर असलं काडतूस ऑर्विलने जन्मात उडवलं नव्हतं. मातीनंतरच्या जेवणासाठी आणलेलं सॅलडचं पातेलं गाडीत ठेवून तो रांगेत उभा राहिला आणि त्याने चाप ओढला. कानठळ्या बसल्या, पण खांद्याला काहीच लागलं नाही.

"लेरॉय, धक्का कसा नाही बसला?"

"गोळीच नाही, तर धक्का कुठून बसणार, गाढवा?" लेरॉय कुजबुजला. "चल, दुसरी फैर."

ऑर्विलची बंदूक वर आलीच नाही.



त्या खांबापासून छावणीत परतला तेव्हा ऑर्विलच्या उजव्या खांद्यावर काळानिळा डाग उठला होता.