साहेबांचा अंगठा

पाचोडच्या मोसंबीच्या कोल्ड स्टोरेजमधला, थंडावा सांभाळणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम आठवड्यात तीनदा कुणीतरी गुपचूप बंद केला. दर वेळी भोंगा वाजला म्हणून माल वाचला. मॅनेजर काकासाहेब असे भडकले की त्यांनी शहरातून माणूस बोलावून बंदोबस्तच करून टाकला. आता त्यांचा अंगठा मशीनवर टेकल्याशिवाय प्रोग्राम बंद होणार नव्हता.

"आता बघतो कोण बंद करतंय ते!"

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला साहेब नेहमीसारखे गाडीची किल्ली फिरवत निघाले, तर दारात ऑपरेटर करुणा उभी.

"साहेब, सहाला पाळी बदलते. माझ्या नावाचा प्रोग्राम बंद केल्याबिगर पुढच्याच्या नावानं उघडत नाय. तुमचा अंगठा लागंल."

"रोज?"

"व्हय, रोजच."

साहेब चडफडत सहापर्यंत बसले. अंगठा टेकवून गाडीशी आले, तर करुणा डबा घेऊन तिथं हजर.

"शहरापर्यंत येते, साहेब. शेवटची बस साडेपाचला जाते. मागं सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, तुमचं तुम्ही बघा."

आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? गाडी मोठ्या रस्त्याला लागली तसं साहेबांनी आरशातून मागं पाहिलं.

"पण करुणा, तो प्रोग्राम बंद करत होतं तरी कोण?"

करुणानं मांडीवरचा डबा नीट केला.

"ते काय कळलं नाय, साहेब. पण आता नाय करणार ते."