भूमिदेवाचं हसू

दोन्ही लाकडी चंद्रकोरी सपाट बाजू वर करून पडल्या आणि भूमिदेव नवव्यांदा हसला.

"हसला!" लिआउ म्हातारा गुडघ्यांवर हात टेकत उठला. "तीन वर्षं झाली, साहेब. दर पेरणीला तीनदा विचारतोय, तुमचं नवं बी पेरू का. आता देवानं आणखी कसं सांगायचं? तुमच्या कानात येऊन?"

शेतकरी संघाचा साहेब देवळाबाहेर सायकलवरचं बियाण्याचं पोतं सावरत उभा होता. कौलाच्या या चंद्रकोरींची बोली त्यालाही कळत होती. त्या मुलखात ती अंगावर पिणाऱ्या पोरालाही कळते. एक कोर सपाट, एक फुगीर पडली तर देवाचा होकार, आणि तो सलग तीनदा हवा. दोन्ही फुगीर, तर नकार. दोन्ही सपाट, तर देव हसला.

"पण हसणं म्हणजे नकार नव्हे, आजोबा."

"गुडघ्याएवढं तुमचं ते भात! बदकंसुद्धा वाकून बघतील त्याच्याकडे. देव हसणार नाही तर काय करेल?"

देवळात जमलेली गावातली अकरा घरं खो खो हसली. लिआउ शिंकला तरी ही अकरा घरं खिडक्या लावून घेत. तो पेरील तेच पेरत. वारा मात्र कोणाचं ऐकत नसे. एकदा त्यानं म्हाताऱ्याची टोपी पळवली, ती तिसऱ्या गावात एका बुजगावण्याच्या डोक्यावर सापडली, आणि बुजगावणं ती परत द्यायला तयार होईना. असल्या वादळात लिआउच्या बापाच्या वेळचं उंच भात दरसाल भुईसपाट व्हायचं.

तरी म्हातारा हटत नव्हता. चाळिशीत त्यानं अशाच एका साहेबाच्या शब्दावर नवं बी पेरलं होतं. लोंब्या आल्या, दाणा भरलाच नाही. अकरा घरांनी सहा महिने रताळी खाल्ली, आणि त्याला कोणी एका शब्दानं बोललं नाही. ते न बोलणंच त्याला अजून सलत होतं.

"मामंजी, एकदा मी विचारू?"

सून पुढे आली होती. लुआनचा नवरा मासेमारीच्या बोटीवर, त्यामुळे वादळ सरलं की लोळलेलं भात उचलून, चार-चार ताटं एकत्र बांधून उभं करायचं काम तिच्या एकटीचं. आताही तिचा एक हात कमरेवर होता.

"विचार की. देव काही माझ्या एकट्याचा नाही. पण उत्तर तेच येणार."

"मी दुसरंच विचारणार आहे."

तिनं कोरी उदबत्तीच्या धुरावरून फिरवल्या. "भूमिदेवा, तीन वर्षं तुझ्यापुढच्या वाटीत मी जो भात वाढते, तो तुला आवडतो ना?"

एक सपाट, एक फुगीर. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी एक कोर घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेली, कडेवर उभी राहिली, जरा विचार करत असल्यासारखी थबकली, आणि हवी तश्शी पडली.

म्हातारा फुलून गेला. "बघा! माझ्या बापाच्या बियाण्याचा भात! देवाच्या वाढदिवसाला माझ्याकडे जेवता तेव्हा तीन-तीन वाट्या मागून घेता, ते काय उगीच?"

"उगीच कसं, आजोबा!" अकरा घरांतून कोणीतरी म्हणालं. "तशी चव नाही कुठे!"

लुआननं मान खाली घातली. "तो भात आपल्या शेतातला नाही, मामंजी. ओढ्यापलीकडे माझ्या भावाचं शेत आहे ना, तिथला. बी साहेबांचंच. दर सुगीला आपलं पोतं त्याला देते, त्याचं आपल्याकडे आणते."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"आणि वादळात त्याचं भात...?"

"उभं होतं. माझी कंबर बघा आणि माझ्या वहिनीची बघा, म्हणजे कळेल."

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्यानं वळून अकरा घरांकडे पाहिलं. या वेळीही कोणी एका शब्दानं बोललं नाही. फक्त सगळ्यांनी ओठ घट्ट आवळून धरले होते, आणि एकाच्या तर डोळ्यांतून पाणी येत होतं.

"पोतं सोडा, साहेब," तो शेवटी म्हणाला. "आणि उद्या आणखी घेऊन या. बारा घरांचं बी भिजत घालायचं आहे."

मग त्यानं कोरी उचलल्या, देवाच्या पायाशी ठेवल्या, आणि मूर्तीच्या पांढऱ्या दाढीपाशी वाकून तो पुटपुटला, "नऊ वेळा हसलास, लेका! आणि मला वाटत होतं, बियाण्याला हसतोयस."