दहा पावलांच्या आत

भिंतीवरचा माणूस तोंड वासून ओरडत होता आणि खोलीत चिडीचूप शांतता होती.

"बघा! मंगळवार, पाच वाजून दहा मिनिटं. आता स्वतःच्या डोळ्यांनी बघा!" तात्यांनी वही दुरुस्तीवाल्या बाईंसमोर आपटली. बिघाड झाला याचं दुःख राहिलं बाजूला, तक्रार खरी ठरली याचाच त्यांना आनंद झाला होता. बाईंच्या तीन खेपा फुकट गेल्या होत्या. त्या आल्या की प्रोजेक्टरला जोडलेला स्पीकर, तो साउंडबार, शहाण्या बाळासारखा बोलायचा, त्यांची पाठ वळली की दातखीळ. म्हणून आज तात्यांनी त्यांना वेळ ठरवून बोलावलं होतं.

तात्या वजनमापं तपासणारे अधिकारी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी नजर काट्यावरून हटली नव्हती. वहीत पाच महिन्यांची नोंद होती. फक्त मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते सहा, प्रोजेक्टरवर चित्र दिसतं पण साउंडबार मुका. इतर दिवशी सगळं ठणठणीत. मंगळवार-शुक्रवारी बायको शेजारच्या काकूंकडे विणकाम शिकायला जायची. घरात निवांतपणा मिळायचा तो तेवढाच, आणि नेमका तेवढ्यातच सिनेमा मुका व्हायचा.

विणकामाचंही तात्यांना कोडंच होतं. पाच महिने शिकून स्वेटर तर सोडाच, बोटभर लांबीचे दोन मोजे तेवढे झाले होते. "सरावाचे आहेत," बायको म्हणाली होती. शिकणाऱ्याच्या मापाला कुठे नावं ठेवायची, म्हणून तात्या गप्प बसले होते.

बाईंनी प्रोजेक्टर बंद करून पुन्हा चालू केला. साउंडबार उचलून पाहिला. मग आपल्या फोनवर त्याला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली.

"प्रोजेक्टर आवाज पाठवतोय," त्या म्हणाल्या. "साउंडबारच घेत नाहीये. त्याचं दुसऱ्याच कुणाशी जुळलंय. काका, चिमी कोण?"

तात्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. या घरात ते नाव वर्षभर कुणी घेतलं नव्हतं.

"इथे दोनच नावं आहेत. तुमचा प्रोजेक्टर आणि 'चिमीचा फोन'. फोन आधी जोडलेला आहे. तो जवळ आला की साउंडबार प्रोजेक्टरला सोडून त्याच्याकडे जातो."

आधी जोडलेला असणारच. पहिल्या पगारातून तो साउंडबार चिमीनंच आणला होता, आणि बापाला शेजारी बसवून जोडून दाखवला होता. गेल्या वर्षी ती नवऱ्याचं घर सोडून, एक बॅग घेऊन दारात उभी राहिली. "तात्या, थोडे दिवस राहू द्या," म्हणाली. तात्यांनी उभ्या नोकरीत कुणाला एका ग्रॅमची सूट दिली नव्हती, ती पोटच्या पोरीलाही दिली नाही. जा, मिटवून घे, पळून येणाऱ्यांसाठी हे दार नाही, असं त्यांनी सुनावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. सासरी गेली नाही एवढं कळलं. मग कुठे गेली, ते तात्यांनी विचारलं नाही. आपलं चुकलं हे त्यांना आठवड्याभरातच उमगलं होतं. पण वाकायचं कसं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"शक्यच नाही," तात्या म्हणाले. "तो फोन या गावातसुद्धा नाही."

"गावाचं मला ठाऊक नाही, काका. पण आत्ता तो इथून दहा पावलांच्या आत आहे."

तात्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे काकूंचं घर. मंगळवार, शुक्रवार, पाच ते सहा. खोटी वजनं दडवणारे दुकानदार ते रस्त्याच्या पलीकडून ओळखायचे, आणि घरातली बायको पाच महिने त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकत होती. त्यांना राग आला. त्याहून जास्त लाज वाटली. आपल्याच आईला भेटायला पोरीला चोरासारखं यावं लागत होतं.

"काढून टाकू का हे नाव?" बाईंनी विचारलं. "एक बटण दाबायचं. मग तो फोन आपोआप परत कधीच जोडला जाणार नाही. तुमची कटकट संपली."

'काढा' हा शब्द तात्यांच्या ओठांवर आला. इतक्या वर्षांची सवय होती ती.

तेवढ्यात साउंडबार बोलला.

आवाज भिंतीवरच्या माणसाचा नव्हता. एक तान्हं मूल हुंकार देत होतं. मग चिमीचा आवाज खोलीभर घुमला. "अरे लबाडा, हस ना! आजीला दाखवायचंय. आजोबांसारख्या आठ्या काय घालतोस?" आणि ते मूल खुदकन हसलं.

तात्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्यांना ते बोटभर मोजे आठवले. महिने मोजायला त्यांना वही लागली नाही. गेल्या वर्षी त्यांनी घालवून दिलं तेव्हा चिमी एकटी नव्हती.

"काका?" बाईंचं बोट तसंच थांबलं होतं. "दाबू ना?"

"हात लावू नका त्याला!" तात्या ओरडले आणि अनवाणीच बाहेर पडले.

काकूंच्या दारापर्यंत नऊ पावलं भरली. आतून बायकोचा आवाज येत होता. "अगं, व्हिडिओत हसताना दिसतोय, पण ऐकूच येत नाही काही."

"थांब गं आई, फोनला काय झालंय कोण जाणे. घरी तर नीट ऐकू येत होतं."

तात्यांनी बेल दाबली. दार बायकोनं उघडलं आणि ती पांढरीफटक पडली. तिच्यामागे चिमी ताडकन उठली. तिनं मांडीवरचं मूल छातीशी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं खुर्चीवरची बॅग उचलली. वर्षभर मनात घोकलेलं एकही वाक्य तात्यांना आठवेना.

"आवाज येत नाहीये ना?" त्यांनी कसंबसं विचारलं. "तो आपल्या घरी येतोय."