टिकलीच्या दुधाची बेरीज

"आप्पा, खरं सांगा. दुपारचं दूध तुम्ही टिकलीला पाजता ना?"

टिकलीच्या बापाने विचारलं खरं, पण विचारल्याबरोबर त्याची मान खाली गेली. जन्मदात्या वडिलांना कुणी असं विचारतं का? पण माणूस घाबरला की आपण काय बोलतोय ते त्याचं त्याला कळत नाही, आणि हे घर तीन आठवडे घाबरलेलं होतं. टिकली तीन महिन्यांची. वजन चार किलो शंभर ग्रॅमवर जे अडकलं ते अडकलंच. मनगटं तर इतकी बारीक झाली होती की अंगड्याच्या बाह्या त्यांवरून घसरायच्या. डॉक्टरीणबाईंनी रोजच्या दुधाचा हिशेब ठेवलेल्या शीटमधली बेरीज बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाल्या, पोर उपाशी राहतेय, दुसरं काही नाही. दिवसाला सहाशे मिली पोटात गेलंच पाहिजे. सोमवारी पुन्हा बघू, नाहीतर ॲडमिट करून नळीने पाजावं लागेल.

आज शनिवार. कालची बेरीज तीनशे साठ.

सकाळी आणि रात्री मिळून चार बाटल्या आईबाप पाजायचे. दोघं कामावर गेले की मधल्या तीन आप्पांच्या. ज्याने पाजलं त्याने फोनवर आकडा टाकायचा. शीट उघडली की वर ठळक बेरीज दिसायची, आणि ती बघितली की दोघं शीट बंदच करून टाकायचे. खाली रांगा वाचत बसायचं कुणाला सुचत होतं?

"पाजतो," आप्पा म्हणाले. "तिन्ही बाटल्या. शेवटच्या थेंबापर्यंत. आणि तुमच्या त्या शीटमध्ये टाकतोसुद्धा."

 सुनेने पुढे होऊन टिकलीला आप्पांच्या मांडीवरून उचलून घेतलं. आप्पांचे हात तसेच रिकामे राहिले. त्यांना ते फार लागलं.

बापाने लॅपटॉप उघडला. ऑफिसात तो दिवसभर अशाच शीट बनवायचा, लोक त्याच्याकडे अडलेल्या शीट घेऊन यायचे. त्याने सूत्र तपासलं. बरोबर. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळं त्यात होतं. आकडेमोड आपोआप होण्याची सोयही चालू होती. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच शीटच्या रांगा बोटाने मोजल्या. कालच्या बाटल्या सात होत्या. बेरीज मात्र चारांचीच.

तीन आकडे चौकटीत डावीकडे चिकटून बसले होते. शीटमध्ये आकडा असला की तो उजवीकडे सरकतो, अक्षरं असली की डावीकडे. त्याने डोळे चोळून नीट पाहिलं.

"आप्पा, तुम्ही आकडे मराठीत टाकता?"

"मग कशात टाकू? जन्मभर छापखान्यात मराठी अक्षरांचे खिळे जुळवले मी. इंग्रजी नव्वद मला नव्वद वाटतच नाही."

शीटला तर मराठी नव्वद कळतच नव्हतं. तिच्या लेखी ती नुसती दोन अक्षरं होती, म्हणून ती बेरजेतून वगळत होती. बापाने एक ९० खोडून इंग्रजीत टाकलं. तीनशे साठचे चारशे पन्नास झाले. दुसरं बदललं, पाचशे चाळीस. तिसरं बदललं आणि सहाशे तीस. त्याला खुर्चीत बसवेना. आदल्या दिवसाचं केलं, सहाशे चाळीस. त्याच्या आदल्या दिवशी सहाशे वीस. करत करत तो तीन आठवडे मागे गेला. एकही दिवस सहाशेच्या खाली नव्हता.

तो हसत सुटला. आप्पांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "आप्पा, वाट्टेल ते बोललो हो मी तुम्हाला." आप्पा म्हणाले, "असू दे रे. पोर उपाशी नाही ना, झालं तर मग." आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

सुनेने टिकलीला परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. "चुकलं माझं, आप्पा," ती म्हणाली. मग ती लॅपटॉपशी आली आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक तारीख वाचत गेली. सहाशे तीस. सहाशे चाळीस. सहाशे वीस. नवरा अजून हसत होता. तिचं बोट पडद्यावरच थांबलं.

"एवढं दूध रोज पोटात जातंय," ती हळूच म्हणाली, "मग हिच्या अंगी का लागत नाही?"