ट्रॉलीची पिन

वेल्डिंगवाल्या दीपकनं ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची जुनी पिन हातात घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवला. उंदरानं उसाची कांडी कुरतडावी तशी ती मधोमध झिजली होती.

"आबा, एवढ्यावर ट्रॉली वढत होता? नरसिंहाचीच कृपा म्हणायची."

संभाजीआबा हसून ट्रॉलीकडं वळले. शेळगावच्या भजनी मंडळाची पेटी, पखवाज, टाळांची पिशवी, सगळं या छोट्या ट्रॉलीतनं गावोगावच्या कीर्तनाला जायचं. आज कीर्तन नरसिंहपूरला होतं. मंडळाचे पखवाजवाले झुंबरतात्या वारल्यावरचं हे पहिलंच. निघायचं की इथनंच घरी वळायचं, हे आबांचं अजून ठरत नव्हतं.

दीपकनं नवी पिन बेतून दिली. म्हणाला, वेल्डिंग मारून कायमचीच बसवू. ट्रॅक्टर मागं घ्यायला एक आणि पिन घालायला एक, अशी दोन माणसं लागतात या कामाला.

"आता तुमी एकटंच. कुठं सारखी चढउतर करता?"

"नगं," आबा म्हणाले. "सुटीच असू दे."

दीपक आपल्या कामाला लागला. आबांनी ट्रॅक्टर मागं घेतला, उतरून पाहिलं. ट्रॉलीची कडी वीतभर डावीकडं. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. आता चार बोटं कमी. गुडघे बोलायला लागले. पाचव्या खेपेला भोकावर भोक आलं. त्यांनी पिन घातली, खालून चाप लावला आणि सीटवर येऊन बसले.

इंजिन चालू होतं, पाय क्लचवर होता, पण हात गिअरवर जाईना. वीस वर्षं मागनं तात्यांची हाक आल्याबिगर ट्रॉली कधी हलली नव्हती. हाक आली की समजायचं, पिन बसली. आबांनी उलटून तेच म्हटलं की निघाले. आताही कान मागंच लागले होते. मागं तात्यांचा पखवाज तेवढा होता, खोळीत.

"काय राहिलं का आबा?" दीपकनं विचारलं.

"व्हय. एक राहिलंय."

ते उतरले. तात्या उभे राहायचे त्याच जागी, कडीपाशी जाऊन उभे राहिले. तात्या ठेवायचे तसाच ट्रॉलीच्या फळीवर हात ठेवला.

"रामकृष्ण हरी!"

मग सावकाश पुढं आले, चढले, सीटवर नीट टेकले. मागं वळून न बघता म्हणाले, "रामकृष्ण हरी," आणि नरसिंहपूरच्या वाटेला गिअर टाकला.