लाखेची मोहर

पांढुर्ण्याच्या सरकारी फरशी-कारखान्यात दाबयंत्राखाली पुन्हा फरशी तडकली, तसे मातकामात मुरलेले नत्थूजी फवारायंत्राकडं गेले. हे यंत्र पातळ मातीचा फवारा गरम हवेत सुकवून दाबयंत्रासाठी भुकटी करायचं. त्यांनी भुकटीतला एक दाणा नखानं फोडला. तो आतून पोकळ निघाला. “साहेब, हवा भलती तापून राह्यली. दाणा वरून वाळते, आत पोकळी राहते. हे आच कमी करायचं चाक थोडं फिरवू द्या.” साहेबांनी चाकावरची लाखेची मोहर दाखवली. “नत्थूजी, ही नागपूरच्या साहेबांनी लावली. राज्यं फुटली, नागपूर तिकडच्या राज्यात गेलं, आपण इकडं भोपाळकडं. आता नागपूर म्हणते, यंत्र आमचं नाही. भोपाळ म्हणते, मोहर आमची नाही. तोडली तर आपण दोघंही घरी.” दाणा फोडणाऱ्या नखानं लाखही खरवडता आली असती. नत्थूजींनी ते नख मुठीत मिटलं, दुसऱ्या हातानं दाबयंत्राचा दांडा ओढला. फरशी तडकली.