दोन सेंटिमीटर

श्रेयसला आपल्या पॉइंट टू-टू सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा दस्ता दोन सेंटिमीटर लांब करायचा होता. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या नेमबाजी क्लबात सगळे म्हणाले, एवढ्याने काही होत नाही. पण इंजिनिअरच तो, कायदा काय म्हणतो हे विचारायला त्याने पोलिसांना आकृत्यांसकट चार ईमेल केले. शेवटी वैतागून एक अधिकारी घरीच आला, तो नेमका खंडेनवमीच्या दिवशी.

श्रेयसने तिजोरी उघडली, तर रायफलच्या नळीला हळदकुंकू लावलेलं. पुण्याहून आलेली आई सोफ्यावर बसली होती. तिच्याकडे न बघता तो अधिकाऱ्याला घाईघाईने इंग्रजीत म्हणाला, "आज आमच्याकडे शस्त्रांची पूजा करतात. मीच केली."

"रंगाला हरकत नाही," अधिकारी दस्त्याला टेप लावत म्हणाला. "दोन सेंटिमीटरलाही नाही. फक्त तिजोरीची किल्ली तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे सापडली, तर परवाना रद्द होतो. नीट जपता ना?"

"जिवापाड," श्रेयस म्हणाला.

आईने शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. अधिकाऱ्याला काळजी वाटू नये म्हणून तिने त्याला कळेल अशा स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "याच्या भरवशावर राहू नका हो, हा लहानपणापासून विसराळू आहे."

ती पुढे म्हणाली, "म्हणून मी दोन जास्तीच्या किल्ल्या करून घेतल्यात. एक माझ्या पर्समध्ये असते आणि एक शेजारच्या पद्मजाकडे."